बहात्तर तास

मराठी शिकवणाऱ्या बाईपाशी शब्दांचा तोटा नसतो, असा लोकांचा समज असतो. वीस वर्षे अलंकार आणि समास शिकवून माझाही तसाच झाला होता. परवाच्या पोळ्यानंतर एका मुलीने तो घालवला.

मी राहते पिंपळगाव राजाला आणि शिकवायला एस.टी.ने खामगावला जाते. त्या सोमवारी संध्याकाळी घरी आले तो ओसरीवर माझी एक जुनी विद्यार्थिनी बसलेली. मांडीवर आठ महिन्यांचे मूल. नवरा पुण्याला कारखान्यात. पोळ्याला म्हणून दोन दिवस आला आणि रविवारी परत गेला. चहा झाला, बैलांचे बोलणे झाले, कपाशीचे झाले, तरी ती उठेना. अखेर उठली ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "मॅडम, मले लय भेव लागून राह्यलं. शनिवारच्या रातीचं."

एवढेच. पुढचे वाक्य तिला येईना आणि मलाही ते पुरे करता येईना. आपल्या भाषेने बाईच्या या कारभारावर काय थोडी पांघरुणे घातली आहेत? कावळा आहे, जड पाय आहेत, 'दिवस गेले' आहेत. आणि गंमत अशी की तेच दिवस 'राहिले' असेही आपण म्हणतो. पण शनिवारची रात्र आणि पाळीची तारीख यांच्यामध्ये जे दिवस असतात, ज्यांत काहीच ठरलेले नसते, भीती तेवढी ठरलेली असते, त्यांना एक शब्द नाही.

तिची भीती पोकळ नव्हती. पहिले बाळंतपण पोट फाडून झालेले. दोन वर्षे तरी दुसरे नको, असे डॉक्टरांनी बजावलेले. सासूबाईंचे म्हणणे, मूल अंगावर पिते आहे तोवर काही होत नाही. हे अर्धेच खरे. मूल सहा महिन्यांच्या आतले हवे, रात्रंदिवस अंगावरच्याच दुधावर हवे, आणि आईची पाळी परत आलेली नसावी. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो भरवसा. हिचे मूल वरणभात खात होते आणि पाळी दोन महिन्यांपूर्वीच सुरू झाली होती. हे मी आज सांगते आहे. त्या संध्याकाळी मी तिला काय सांगितले? "काही होत नाही गं, घाबरू नकोस." सासूबाई एम.ए. झाल्या असत्या तर याहून वेगळे काय बोलल्या असत्या?

रात्री झोप येईना. मीही एकदा कॅलेंडरवरच्या अशाच चौकटी मोजल्या होत्या. थोरली दीड वर्षाची, नोकरी तासिका तत्त्वावरची, आज आहे तर उद्या नाही अशी. शेजारच्या आजींनी शेपा-गुळाचा काढा दिला. तो आठ दिवस डोळे मिटून प्याले, वर कच्ची पपई खाल्ली, आणि यजमानांना यातले अक्षर सांगितले नाही. काढ्याने व्हायचे ते झाले, म्हणजे काहीच नाही. धाकटा जन्मला. नोकरी सुटली ती तीन वर्षे. आज तो अभियांत्रिकीला आहे. त्याच्यावाचून हे घर मला कल्पिता येत नाही. तरी त्या काढ्याची चव जिभेवरून गेलेली नाही. त्याला हे कधी सांगता येईल असे वाटत नाही.

शेवटी उठले आणि अकोल्याच्या डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा : "किती तास झाले?"

मी मोजले. अठ्ठेचाळीस होत आले होते.

"मग सकाळची वाट पाहू नकोस असेच म्हणाले असते, पण दुकान उघडल्या उघडल्या गोळी घे. बहात्तर तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी." मग तिने सगळे नीट सांगितले. गोळी एकच, दीड मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची. ती स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते, म्हणून गर्भ राहत नाही. बीज आधीच बाहेर पडले असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडतही नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. याहून खात्रीचा उपाय म्हणजे पाच दिवसांच्या आत तांबी बसवणे. रोजचा उपाय म्हणून मात्र ही गोळी नव्हे. भारतात ती चिठ्ठीवाचून मिळू लागली २००५ साली. माझा धाकटा त्याच्या आदल्या वर्षीचा.

फोन ठेवल्यावर मला र. धों. कर्वे आठवले, आणि लाज वाटली. विल्सन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचकांच्या प्रश्नांना उघड उत्तरे दिली म्हणून १९३४ साली खटला झाला, डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. हे सारे सन मला तोंडपाठ आहेत, कारण परीक्षेला येतात. ते प्रश्न कसले होते, हे मात्र मी वर्गात कधी सांगितले नाही. त्या वर्गात ही मुलगी तिसऱ्या बाकावर बसत असे.

सकाळी मुलीला निरोप धाडला आणि औषधाच्या दुकानात स्वतः गेले. गल्ल्यावर माझाच एक विद्यार्थी! मी नाव सांगितले. त्याने गोळी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली, वर आणखी एक कागद गुंडाळला, आणि माझ्या पिकल्या केसांकडे अशा काही आदराने पाहिले की पुढचे आठ दिवस मी बाजारातून मान खाली घालून गेले. आशाताईंकडेही ही गोळी मिळण्याची सरकारी सोय आहे, हे मागाहून कळले. चुकणे होते ते चुकले नाही.

तिने माझ्या देवघरासमोर उभी राहून गोळी घेतली. तांबीला ती तयार नव्हती. सासूबाईंना काय सांगून जायचे? पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारले, "मॅडम, हे लागू नाही पडलं तं? मंग यायची सही लागते काय?"

नाही लागत. १९७१ च्या कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने मागितलेली नाही. तेही मला आदल्या रात्रीच कळले होते. मी ते जुनेच ठाऊक असल्यासारखे सांगितले. पाळी आठवडाभर मागेपुढे होईल, त्याहून लांबली तर तपासणी करायची, असेही बजावले.

तारीख आली आणि गेली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मी वर्गात संधी शिकवत होते आणि मनात तारखा सोडवत होते.

पितृपक्ष लागला. आमच्याकडे मामंजींची तिथी होती. गच्चीवर पान ठेवलेले, यजमान हात जोडून उभे, आणि कावळा काही येईना. वडे निवत चालले. इतक्यात फोन वाजला. पलीकडे आधी मूल रडल्याचा आवाज, मग ती.

"मॅडम, शिवला कावळा!"

मी इतक्या मोठ्याने हसले की यजमानांनी दचकून वर पाहिले.

"कुठे?" ते म्हणाले. "मला तर दिसत नाही."