पत्ता देण्याआधी

पेडण्यातल्या मुलीने दहावीच्या निकालासाठी मोबाईलवर संकेतस्थळाचं नाव टाकलं, की आधी डीएनएसला विचारणा होते: याचा पत्ता काय? १९८३ साली पॉल मोकापेट्रिसने ही व्यवस्था आखली. सर्व्हर दोन शहरांतल्या केंद्रांत असले की त्यातला कुठला पत्ता द्यायचा, हे ठरवायचं काम माझं. त्यासाठी लोड बॅलन्सिंगचा स्विच मी मूळ डीएनएस सर्व्हरच्या पुढे ठेवतो. उत्तर परत जाताना तो बंद केंद्राचा पत्ता गाळतो आणि चांगला पत्ता यादीत वर आणतो.

चांगला कुठला, हे नुसत्या पिंगवर ठरवणं मला मान्य नाही. पिंगला उत्तर येतं, ४४३ पोर्टही उघडतो, आणि आतला डेटाबेस ठप्प असतो. म्हणून तपासणीसाठी मी वेगळं पान करून घेतो. ते डेटाबेसमधली एक नोंद वाचतं आणि वाचता आली तरच २०० हा ‘ठीक’चा कोड देतं. स्विच ते दर पाच सेकंदांनी मागतो, सलग तीनदा चुकलं तर केंद्र बाहेर. एकाच चुकीवर काढलं तर पावसाळ्यात लिंक ये-जा करू लागली की केंद्रही आत-बाहेर होत राहतं.

जवळचं केंद्र देण्याचा नियम मोहात पाडतो. पण स्विचला दिसतो तो तिच्या वतीने विचारणारा रिझॉल्व्हर, ती मुलगी नव्हे. रिझॉल्व्हर मुंबईत असला की पेडणेही मुंबईतच जमा. २०१६ च्या आरएफसी ७८७१ ने मूळ विचारणाऱ्याच्या पत्त्याचा काही भाग सोबत पाठवायची सोय केली, पण सगळे तो पाठवत नाहीत. गोव्यापुरत्या सेवेला मी हा नियम लावत नाही.

राहिला टीटीएल, म्हणजे दिलेलं उत्तर किती वेळ साठवायचं याची मुदत. तिळारीचा कालवा फुटला की अस्नोड्याच्या पाणी प्रकल्पाला डिचोलीतल्या आमठाणे धरणाचं पाणी देतात, पण घरच्या टाकीत आधीचंच असतं. दिलेलं उत्तरही रिझॉल्व्हरकडे तसंच साठून राहतं. टीटीएल तासाचा असेल तर माणसं तासभर बंद केंद्राकडे जातात. दहा सेकंदांचा केला तर डीएनएसवर विचारणांचा मारा. मी ३० सेकंद ठेवतो. तरी काही रिझॉल्व्हर तो पाळत नाहीत, आणि ब्राउझरही पत्ता धरून बसतो. म्हणून दुरुस्तीला घ्यायचं केंद्र मी आधी उत्तरांतून काढतो, चालू जोडण्यांचा आकडा उतरू देतो आणि मगच सर्व्हर थांबवायला सांगतो. तेवढ्या वेळात डिचोलीत कुणीतरी अर्धा अर्ज भरून बसलेलं असतं.