बाबांच्या कानांसाठी काय आणावं

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर

चि. अमेय,


दिवाळीला येताना बाबांसाठी तिकडच्या, अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानातून कानाच्या मशीनची जोडी आणू का, आणि आणायची तर कोणती, असं तू विचारलंस. तू पाठवलेली तिन्ही मशीनची माहिती नीट वाचली. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, घाटी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात नेऊन तपासणीही करून घेतली, त्यामुळे आता अंदाजाने बोलायला नको.

कानात मळ नाही, पडदे शाबूत आहेत. दोन्ही कानांचा आलेख सारखाच आहे. खालच्या पट्टीतले आवाज तीसेक डेसिबलला ऐकू येतात, पण 4000 हर्ट्‌झपाशी रेघ 65 च्याही खाली घसरते. चिकलठाण्याच्या कारखान्यात प्रेसशेजारी उभी हयात गेली आणि वय झालं की वरचेच सूर आधी जातात. म्हणून तो म्हणतो, “ऐकू येतं गं, पण कळत नाही.” स्वर खालच्या पट्टीतले, ते पोचतात. स, श, फ, थ ही व्यंजनं बारीक, ती गळतात. भाजीवाल्याने साठ म्हटलं की दादाला आठ ऐकू येतं.

हे समोर ठेवून तुझी यादी पाहू. अमेरिकेत 17 ऑक्टोबर 2022 पासून चिठ्ठीशिवाय, तपासणीशिवाय मशीन मिळू लागली. ती अठरा वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्यांसाठी आहेत. कान जपावेत म्हणून त्यांच्या आवाजाला कमाल मर्यादाही घातली आहे. खर्चापायी वर्षानुवर्षं मशीन टाळणाऱ्यांसाठी ही फार चांगली गोष्ट झाली, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या यादीतलं सगळ्यांत स्वस्त मशीन ठरावीक तीन-चार सेटिंगचं आहे. आपल्याकडे ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळतात, त्यांतली बरीचशी याच्याहीपेक्षा साधी, आवाज सरसकट मोठा करणारी असतात. दादाला जे ऐकू येतं तेही त्यात मोठं होईल. पंखा, कुकर, रस्त्यावरच्या रिक्षा सगळं अंगावर येईल आणि तो चार दिवसांत मशीन कपाटात टाकेल.

दुसरं मशीन फोनवर चाचणी घेऊन स्वतःला जुळवून घेतं. तुलना करावी तर याच्याशी. सौम्य बहिरेपण असलेल्या, फोन सराईतपणे वापरणाऱ्या माणसाला ते मी खुशाल सुचवेन. पण दादाची वरची पट्टी मध्यमाच्या पलीकडे गेली आहे, आणि इंग्रजी ॲपमधली जुळणी दर वेळी दुसऱ्या कुणाला तरी करून द्यावी लागेल.

तिसरे एअरपॉड्स प्रो. श्रवणयंत्र म्हणून वापरायला तिकडे त्यांना सप्टेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली. पण त्यांना आयफोन किंवा आयपॅड लागतो, चार्जिंग दिवसभर पुरत नाही आणि त्यांचाही उपयोग सौम्य ते मध्यमापर्यंतच.

शिवाय डब्यावर परतीच्या अटी छापणं तिथे सक्तीचं असलं, तरी मशीन परत घेणं सक्तीचं नाही. इथून ते परत पाठवणार कोण?

माझं मत असं, की इथल्याच ऑडिओलॉजिस्टकडून आलेखाबरहुकूम जुळवलेलं, कानामागे बसणारं डिजिटल मशीन घ्यावं. त्याची टोपी भोकांची असावी, म्हणजे खालचे आवाज आपसूक आत जातील आणि मशीन फक्त वरचे सूर भरून काढील. सेल वाटाण्याएवढे असतात, दादाच्या बोटांना ते धरवत नाहीत, म्हणून चार्जिंगचंच बघू. घेण्याआधी घरी, फोनवर आणि गजानन महाराज मंदिरातल्या गर्दीत वापरून पाहू. सुरुवातीला ताटवाट्यांचा आवाजसुद्धा कर्कश वाटतो. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात आणि तोवर जुळणी पुन्हा पुन्हा बदलावी लागते. म्हणून मशीन जुळवून देणारा माणूस रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर हवा.

तुझ्या ओळखीत कुणाला मशीन घ्यायचं असेल तर एवढं जरूर सांग: एकाएकी ऐकू येईनासं झालं, एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागलं, कान वाहिला किंवा चक्कर येऊ लागली, तर मशीन शोधत बसू नये, आधी डॉक्टर गाठावा.

अमेय, दादा हल्ली चारचौघांत गप्प बसतो. लोकांना तो तुसडा वाटतो, पण पुन्हा पुन्हा “काय?” विचारायची त्याला लाज वाटते. याचं मला फार वाईट वाटतं. तू व्हिडिओ कॉल करतोस तेव्हा उजेड तोंडावर येईल असा बस, आधी हाक मार, मग सावकाश बोल. ओरडू नकोस, ओरडल्याने शब्द फाटतात.

पैसे पाठवायचेच असतील तर या मशीनसाठी पाठव. आणि दिवाळीत जुळणीच्या एका भेटीला सईला घेऊन तू स्वतः दादाबरोबर जा. लहान मुलांचा आवाज बारीक असतो, नातीचं बोलणंच त्याच्या हातून सगळ्यांत जास्त निसटतं. तिला समोर बसवून बोलायला लाव आणि ते त्याला नीट कळेपर्यंत जुळणी बदलून घे.

तुझी,
आत्या