नाक कापतं कोण?



कुणाची अब्रू गेली हे सांगायला आपल्या मराठीत शब्दांचा तोटा नाही. नाक कापलं, तोंड काळं केलं, घराण्याला बट्टा लावला, नाव घालवलं. ‘अब्रू’ हा शब्दच फारसीतून आलेला. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं हे पाणी एकदा उतरलं की पुन्हा चढवणं कठीण.

या बोलण्यातली एक गोष्ट मला खटकते. ‘पोरीनं बापाचं नाक कापलं’ म्हटलं की सगळा दोष पोरीच्या माथी. ती गोष्ट घरोघरी पोचवणारी जीभ त्या वाक्यात कुठेच दिसत नाही.

आमच्या नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत आता मुलीही कामाला जातात. ओळखीतल्या एका मुलीची पाळी रात्री सुटते. सोबत काम करणारा मुलगा तिला गाडीवर घरापर्यंत सोडतो. बस्, एवढंच. ‘लक्षण बरं नाही’पासून सुरू झालेलं बोलणं आठ दिवसांत ‘नाक कापलं’पर्यंत गेलं. वावगं पाहिलं म्हणावं, तर कुणीच नाही. तिच्या आईनं मात्र स्वाध्यायाला यायचं सोडलं.

प्रतिक्रमणात आपण अठरा पापस्थानकं म्हणतो. पहिलं प्राणातिपात, म्हणजे जीवहिंसा. त्याच यादीत तेरावं अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घेणं. चौदावं पैशुन्य, म्हणजे चुगली. परपरिवाद, म्हणजे परनिंदा, हेही त्यातच. हे तिन्ही शब्द बोट दाखवतात ते बोलणाऱ्याकडे. कायदाही तेच करतो. अब्रुनुकसानीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे, आणि ती बदनामी करणाऱ्याला.

कुणी म्हणेल, हे तिच्याच अयशकीर्ती नामकर्माचं फळ. असेलही. पण म्हणून आपली जीभ सुटत नाही. परनिंदा आणि आत्मप्रशंसा यांनी नीच गोत्राचा बंध पडतो, असं तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय सांगतो. तिचं कर्म ती भोगेल. आपलं आपल्या खात्यात जमा होतं.

चातुर्मासात आपण कांदा, लसूण, हिरवी भाजी सोडतो. यंदा एक नियम आणखी घेऊ या: जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते कुणाच्या लेकीबद्दल बोलायचं नाही; आणि कुणी बोललीच, तर ‘ताई, तुम्ही पाहिलं का?’ एवढं शांतपणे विचारायचं.

रविवारी मी त्या माउलीला स्वाध्यायाला आणायला तिच्या घरी जाणार आहे. सोबत कोण कोण येतंय?