बाजूची खुर्ची

पौष पौर्णिमेला आमच्या कोल्हारला भगवतीमातेची यात्रा भरते. काही वर्षांपूर्वी त्या दिवसांत आमच्या मंडळाचं भारूड होतं आणि ढोलकी माझ्याकडे होती. हात छान चालला होता. लग्ग्या, म्हणजे जलद बोलांच्या लडी, सुटत होत्या, मागची पोरं शिट्ट्या मारत होती. भारूड संपल्यावर एक म्हाताऱ्या आजी माझ्यापाशी आल्या नि म्हणाल्या, "बाळा, ढोलकी लई झाक वाजली. पण नाथबाबा काय सांगत हुते, ते काय कळलं न्हाई."

आमची प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि ते पाणी पुढे पैठणला, संत एकनाथांच्या गावी जातं. त्याच नाथांचे शब्द मी ढोलकीखाली बुडवले होते. आजींचं ते वाक्य महिनाभर डोक्यातून गेलं नाही.

मग ठरवलं, जिथे शब्द आणि सूर दोन्ही माणसांपर्यंत पोचवावे लागतात तिथे जाऊन बघायचं. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात 'संगीत सौभद्र'चा प्रयोग होता. कोल्हारच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरली. तिकीट काढताना मुद्दाम बाजूची खुर्ची मागितली. मधल्या खुर्चीतून नाटक चांगलं दिसतं. मला मात्र रंगमंचापुढे खाली बसलेला तबलजी बघायचा होता, आणि मान वळवली की प्रेक्षकही.

आत गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. त्यांच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. या रंगमंदिराची कोनशिला 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. उद्घाटन झालं 26 जून 1968ला, त्यांच्या जन्मदिवशी. ते मात्र आदल्या वर्षीच्या जुलैत गेले होते. हे वाचलेलं होतं, पण त्या चित्रांसमोर ते पहिल्यांदा मनाला लागलं.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' 1882च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा रंगभूमीवर आलं, तेव्हा फक्त तीन अंकी. एवढ्या जुन्या नाटकात मला अनोळखी वाटेल असं धरून चाललो होतो. पण साकी, दिंडी कानावर पडल्या आणि मी सरसावून बसलो. ही तर आमची कीर्तनातली मंडळी! अण्णासाहेबांनी लोकांच्या कानांत आधीपासून मुरलेलंच उचललं, म्हणून नाटक लोकांना लगेच आपलं वाटलं असणार, असं माझं मत आहे.

तबलजी साठीच्या पुढचे होते. साकी चालू असताना त्यांचा हात तबल्यावर नुसता टेकलेला होता. पद आलं की ऑर्गनचा सूर, मग नटीच्या तोंडी पहिली ओळ मोकळी, आणि मुखडा फिरून समेवर आला की तबला. शब्द चालू असेपर्यंत साधा ठेका, त्यात एक बोल जास्तीचा नाही. दोन ओळींच्या मधे जागा मिळाली की तिथे छोटीशी लग्गी, आणि पुढचा शब्द यायच्या आत हात पुन्हा खाली. मी मांडीवर बोटांनी त्यांच्याबरोबर वाजवत होतो आणि माझी बोटं दर वेळी त्यांच्या पुढे पळत होती.

एका पदाला 'वन्स मोअर' आला. मला वाटलं, आता ते हात मोकळा सोडतील, मी असतो तर सोडला असता. त्यांनी मान वर करून नटीच्या श्वासाकडे बघितलं आणि आधीपेक्षाही हळू ठेका धरला. तिने दुसऱ्या वेळी एक शब्द वेगळाच उलगडला. त्या उलगडण्याला जागा त्यांनी करून दिली होती. अहमदजान थिरकवाँसारखा स्वतंत्र तबल्यातला एवढा मोठा माणूस गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना कित्येक वर्षं साथ करत होता, ते काय असेल, याचा मला त्या क्षणी अंदाज आला.

मग मी प्रेक्षकांकडे वळलो. लग्गी आली की माना डोलत होत्या, खुर्चीच्या हातावर बोटं पडत होती. शब्द आला की सगळं थांबत होतं. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंचा तालावर पडणारा हात कृष्ण रुक्मिणीची समजूत घालू लागला तसा हवेतच थांबला, आणि पद संपेपर्यंत खाली आला नाही. आमच्याकडे कंटाळलेला माणूस उठून कडेला जातो, तंबाखू मळतो. इथे तो खोकतो, कूस बदलतो. त्या पदात कोणी खोकलं नाही. डोलणारी मान ही दाद आहेच, पण थबकलेली मान त्याहून मोठी दाद आहे. आजवर मी फक्त डोलणाऱ्या मोजत आलो होतो.

ढोलकीचा जोर वाईट, असं माझं म्हणणं नाही. आमच्या कोल्हार-घोटी रस्त्यावरच्या संगमनेरचा कांताबाई सातारकरांचा तमाशाचा फड ज्यांनी बघितलाय त्यांना ते माहीत आहे. उघड्या रानात कनात लागते, गणाआधी ढोलकी-हलगी कडाडते आणि लोकांची पावलं तंबूकडे वळतात. तिथे जोर हवाच. पण माणूस येऊन मांडी घालून बसला, कान देऊ लागला, की त्याला परत हाका मारत बसू नये. मी बसलेल्या माणसांना हाका मारत होतो.

रात्री भाच्याकडे झोपलो आणि सकाळी परतलो. त्यानंतर वर्षभर घरी ढोलकी घेऊन साधा धुमाळीचा ठेका वाजवत बसायचो, तासतास, काहीही न घालता. हे लग्गीपेक्षा अवघड आहे. हात थोपवून धरायलाही ताकद लागते, मनगट त्यानेच जास्त दुखतं.

पुढच्या यात्रेत भारुडाला शब्दांखाली धुमाळीच ठेवली. दोनदा हात सुटला, दोन्ही वेळा लगेच आवरला. शिट्ट्या कमी आल्या. पण भारुडातल्या विंचवापाशी मंडप एकदम शांत झाला, आणि मागे बसलेल्या बायकाही हसल्या ते शब्दाला हसल्या.

मृदंग, ढोलकी, तबला वाजवणाऱ्या गावाकडच्या पोरांनो, वर्षातून एकदा तरी एसटीचे पैसे काढा आणि मोठ्या नाट्यगृहात संगीत नाटकाला जा. खुर्ची बाजूची मागा. तिथून तबलजीचा हात दिसतो आणि माणसांचे चेहरेही.