खर्जाची सोबत

म्हातारपणी कान एकाएकी मिटत नाहीत. ते वरच्या पट्टीकडून हळूहळू रिते होत येतात. प्रथम रातकिड्यांची किरकिर जाते, मग मोबाइलची बारीक घंटा, मग नातवंडांचे कोवळे आवाज. बोलण्यातली स, श, फ, ख ही व्यंजने पुसट होतात आणि सून ‘चहा’ म्हणाली की ‘दहा’, हे तिच्या ओठांकडे पाहून ठरवावे लागते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा घुमार मात्र बहुतेकांना दीर्घकाळ नीट ऐकू येतो. म्हणूनच अशा माणसांची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसते. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशी असते. आपल्या घरात असे कोणी असेल, तर पुढचे सारे त्यांच्यासाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या आपल्यासाठी आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, आज शहात्तर वर्षांचे आहेत. वहिनी गेल्यावर ते मुंबईची खोली सोडून आमच्याकडे मार्गासनीला राहायला आले. पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूरला वळून वेल्ह्याकडे निघाले की आमचे गाव लागते. राजगडला जाणारी मंडळी येथूनच गुंजवण्याकडे वळतात, त्यामुळे पुष्कळांना ते एका वळणापुरतेच ठाऊक असते. दादांच्या सामानात दोन ट्रंका, एक देव्हारा आणि एक काळी लांब पेटी होती. पेटीत त्यांची बेस गिटार होती. वर्षभर ती कोणी उघडली नाही. दादा जेवायला येत, वर्तमानपत्र चाळत, आणि बाकी वेळ गप्प असत. प्रश्न विचारला तर भलतेच उत्तर देत. विस्मरणाचा आजार तर नाही ना, अशी कुजबुज घरात सुरू झाली.

पुण्यात कानांची तपासणी झाली आणि एक आलेख हाती आला. डावीकडे खालचे स्वर, उजवीकडे वरचे. रेघ डावीकडे बरीचशी सरळ होती आणि दोन हजार हर्ट्झच्या पुढे कड्यावरून पडावी तशी कोसळली होती. दादांनी तो कागद बराच वेळ पाहिला. आलेख २५० हर्ट्झपासून सुरू होत होता. त्यांनी बोट कागदाच्या डाव्या कडेच्याही बाहेर, टेबलावर टेकवले आणि म्हणाले, “माझी तार इथे आहे.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बेस गिटारच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, पुढची ५५, तिसरी ७३ आणि सर्वांत बारीक ९८. तंबोऱ्यात जे काम खर्जाच्या तारेचे, तेच वाद्यवृंदात या वाद्याचे. लक्ष देऊन कोणी ते ऐकत नाही. थांबले की मात्र घर बिनखांबाचे झाल्यासारखे वाटते.

हे वाद्य तसे वयाने आमच्याच पिढीचे. त्यापूर्वी खर्जासाठी माणसाहून उंच, उभे राहून वाजवायचे डबल बेस असे. ते प्रवासात नेणे म्हणजे कपाट नेण्यासारखेच, आणि ढोल-कर्ण्यांत त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवर चालणारी, गळ्यात अडकवता येणारी बेस गिटार बाजारात आणली. तिच्या मानेवर धातूचे पडदे होते, त्यामुळे स्वर नेमका लागे. म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन बेस’. १९६० साली ‘जॅझ बेस’ आली. जर्मनीच्या हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची हलकी बेस पॉल मॅकार्टनी यांच्यामुळे जगभर पोहोचली. आपल्याकडे ही वाद्ये मुंबईत रुजली ती चित्रपटसंगीतात, आणि त्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांनी बेस गिटार वाजवली. गाणी घराघरांत गेली. बेस वाजवणाऱ्यांची नावे मात्र तबकड्यांवर क्वचितच आली. अमेरिकेतही निराळे नव्हते. मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांचा पाया रचणारे जेम्स जेमरसन कित्येक वर्षे तबकडीवर बिननावाचेच राहिले.

दादा १९६८ साली गिरणीत कामाला म्हणून मुंबईस गेले. चाळीतल्या एका गोवेकर शेजाऱ्याने त्यांना वाद्य धरायला शिकवले. आधी गावात तुणतुणे वाजवलेले असल्याने तर्जनीला तारेची सवय होती. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, तेव्हा लग्नांतले आणि गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रे हाच काही वर्षे त्यांचा चरितार्थ होता. त्यांची गिटार जपानी बनावटीची, सत्तरीच्या दशकातली, बोटीवर काम करणाऱ्या एका माणसाकडून घेतलेली. तिच्या डोक्यावरची नावपट्टी केव्हाच निघून गेली आहे.

आता हातांविषयी, कारण आपल्यापैकी अनेकांची अडचण तिथेच आहे. दादांच्या बोटांच्या टोकांकडील सांध्यांवर वयोमानाने गाठी आल्या आहेत आणि सकाळी बोटे आखडलेली असतात. बेस गिटारची तार खेचायला जोर लागतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तारेवर ताण मोठा असला, नेहमीच्या लांबीच्या वाद्यात एकेका तारेवर वीस किलोंच्या आसपास, तरी ती छेडायला जोर नव्हे, वजन लागते. उजवा अंगठा पिकअपवर टेकवायचा, मनगट सरळ ठेवायचे, आणि तर्जनी व मध्यमा आळीपाळीने तारेवरून पुढे जाऊ द्यायच्या. छेडून झाल्यावर बोट हवेत उचलायचे नाही. ते अलगद शेजारच्या जाड तारेवर येऊन विसावते. बारीक तारेवरून जाड तारेकडे येताना तेच बोट घसरत आणायचे, म्हणजे एक हालचाल वाचते. गंमत म्हणजे जेमरसन उजव्या हाताची एकच तर्जनी वापरत. आमच्या तुणतुणेवाल्यांनाही ही युक्ती नवी नाही.

डाव्या हाताचा प्रश्न अधिक नाजूक. तरुण वादक एकेका पडद्यावर एकेक बोट ठेवतात. त्यासाठी पंजा फाकवावा लागतो. डबल बेसच्या जुन्या परंपरेत खालच्या पट्टीत अनामिका एकटी वापरत नाहीत. ती करंगळीच्या आधाराला उभी राहते आणि दोघी मिळून तार दाबतात. सिमांडल नावाच्या शिक्षकाच्या पोथीतली ही रीत. दादांनी तीच धरली आणि आखडलेल्या पंजाचा ताण कमी झाला. सुरुवातीला कोमट पाण्यात पाच मिनिटे हात, मग दहा मिनिटे वादन, मग विश्रांती, असा त्यांचा क्रम आहे. दुखू लागले की थांबायचे. अंगठा, तर्जनी आणि मध्यमेला मुंग्या येऊ लागल्या किंवा बोट वाकून अडकू लागले, तर सरावाने बरे होईल अशा आशेवर राहू नये, डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी बोटांची टोके रोज पाहावीत, कारण संवेदना कमी असेल तर सोललेली कातडी कळत नाही.

पुतण्या बंगळुरूहून आला होता. जुन्या वाद्यांना आता किंमत येते हे त्याला ठाऊक होते, आणि ते खोटे नाही. फेंडर कंपनी १९६५ च्या आरंभी दुसऱ्या मालकाकडे गेली. त्याआधीची वाद्ये संग्राहक लाखोंनी घेतात. दादांची त्या तोलाची नव्हे, तरी एका व्यापाऱ्याने बरा आकडा सांगितला. अट एकच : तारा, खुंट्या, पिकअप, ओरखडेसुद्धा जसेच्या तसे राहावेत. माझे मत तेव्हाच ठरले. जपून ठेवायचे वाद्य आणि वाजवायचे वाद्य यांच्या गरजा उलट असतात. म्हाताऱ्या हातासाठी ते बदलावे लागते. तारा पडद्यांच्या जवळ आणाव्या लागतात, म्हणजे दाबायला बळ कमी पडते. खरखरीत तारांऐवजी गुळगुळीत ‘फ्लॅटवाउंड’ तारा घालाव्या लागतात. पातळ झालेली त्वचा त्यांनी सोलवटत नाही. दादांच्या वाद्याची मान आखूड आहे, तारेची लांबी ७६ सेंटिमीटर, नेहमीची ८६ असते. त्यामुळे ताणही कमी आणि हातही कमी लांबवावा लागतो. वजन साडेतीन किलो भरते. ते खांद्यावर घेऊन उभे राहणे त्यांना आता झेपत नाही, म्हणून हात नसलेली खुर्ची आणि रुंद पट्टा. पुतण्याने हे सारे ऐकले, दोन दिवस काही बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी तारांचे पैसे त्यानेच दिले.

विजेविषयी मात्र कडक राहा. जुना ॲम्प्लिफायर आणि अर्थिंग नसलेले प्लग ही जोडी जीवघेणी ठरू शकते, कारण वादकाची बोटे सतत धातूच्या तारांवर असतात. काचेच्या वाल्व्हचा यंत्रसंच असेल, तर बटण बंद केल्यानंतरही त्यात धोकादायक दाब उरतो. तो जाणकाराखेरीज कोणी उघडू नये. आम्ही जुना संच बाजूला ठेवला, लहान नवा घेतला, आणि तारतंत्र्याकडून घराचे अर्थिंग तपासून घेतले. आमच्याकडे पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग काढायचा, हा नियम नातवंडांनाही पाठ आहे.

आणि वीज तर पावसाळ्यात वारंवार जाते. त्यावर दादांनी जुना उपाय शोधला. गिटारचे डोके सागवानी कपाटाला टेकवायचे. सारे कपाट घुमू लागते. कपाटावर तळहात ठेवला तर ४१ हर्ट्झची ती तार हाताला कळते, कानांचे काही का होईना. दादा कधी हनुवटी वाद्याच्या अंगाला टेकवतात. तेव्हा स्वर हाडातून आत जातो.

श्रवणयंत्राची जागा हे वाद्य घेत नाही. दादांच्या दोन्ही कानांत यंत्रे आहेत, आणि बोलणे कळण्यासाठी तीच उपयोगी पडतात. पण ती बोलण्यासाठी जुळवलेली असतात. संगीत त्यांतून कधी कधी पत्र्यासारखे येते. तपासनिसाला सांगितले तर संगीतासाठी निराळी जुळणी करून मिळते. आणखी एक गोष्ट सांभाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. असे कान मंद आवाज ऐकत नाहीत, पण मोठा आवाज त्यांना आपल्याहून अधिक बोचतो. भजनातल्या टाळांचा कल्लोळ दादांना असह्य होई, म्हणून ते देवळात जाणे टाळत. लोकांना वाटे, श्रद्धा उरली नाही.

आता एकादशीला ते जातात. टाळकरी एका बाजूला, दादांची खुर्ची दुसऱ्या बाजूला पखवाजाजवळ. मंडळी पांढरी पाचमध्ये गातात. त्या पट्टीचा षड्ज गिटारच्या सर्वांत बारीक तारेवर मोकळाच मिळतो, आणि पंचम तिच्या शेजारच्या तारेवर, तोही मोकळा. डाव्या हाताला पडदा दाबायचे कामच नाही. पखवाजी त्यांच्याकडे मान वळवून बसतो. मागच्या एकादशीला त्याने त्यांना विचारले, चाल बदलताना मध्यम लागतो, तो देता येईल का. दादांना प्रश्न पहिल्या खेपेसच कळला.