मन्रोव्हिलची दगडी भिंत

माँटगोमेरीहून दक्षिणेला निघालं की तांबडी माती आणि पाइनची झाडं संपता संपत नाहीत. दीडेकशे किलोमीटरवर मन्रोव्हिल लागतं. अलाबामातल्या या छोट्या गावी मी दोन घरांच्या ओढीने आले होते. दोन्ही आता नाहीत. एकाच्या जागी आइस्क्रीम आणि बर्गरचं दुकान, दुसऱ्याच्या जागी मोकळी जमीन. मधली बुटकी दगडी भिंत तेवढी शिल्लक आहे.

भिंतीच्या एका अंगाला वकील ए. सी. ली यांची धाडसी लेक नेल हार्पर राहायची. दुसरीकडे, आईवडिलांनी नातेवाइकांच्या हवाली केलेला हळवा ट्रुमन कपोटी. लीसाहेबांनी दिलेल्या टाइपरायटरवर दोघं गोष्टी रचत. नेलच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला डिल म्हणजे हा ट्रुमनच.

कादंबरी १९६० साली आली, दुसऱ्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं, आणि कुजबुज सुरू झाली: खरं तर ती ट्रुमनने लिहून दिली! ही आवई जाहीरपणे खोडून काढायची तसदी त्याने घेतली नाही. खरं काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचा पुरावा याच गावात आहे. जुन्या कोर्टाच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. या संग्रहालयाकडे ट्रुमनने जुलै १९५९मध्ये मावशीला लिहिलेलं पत्र आहे. नेलने लिहून झालेला भाग दाखवला, तो फार आवडला, तिच्यात खरी प्रतिभा आहे, असं तो त्यात सांगतो. मावशीला सांगितलं, पण आवई उठल्यावर जगाला नाही. मला याचंच फार वाईट वाटलं.

त्याच वर्षी डिसेंबरात नेल त्याच्यासोबत कॅन्ससला गेली होती. होल्कम गावातल्या क्लटर कुटुंबाच्या हत्येची माहिती काढायची होती. ट्रुमनला बिचकणारी माणसं नेलपाशी मोकळी झाली. ती रोज टिपणं काढायची, टाइप करून त्याला द्यायची. त्यावर ट्रुमनने लिहिलेलं 'इन कोल्ड ब्लड' १९६६मध्ये पुस्तकरूपात आलं. अर्पणपत्रिकेत ट्रुमनचा जोडीदार जॅक डन्फी याच्याबरोबर नेलचं नाव होतं. तिने केलेल्या कामाची नोंद मात्र नव्हती. पुढे दोघं दुरावली. तिची कादंबरी एवढी खपली हे त्याला सोसलं नाही, असं तिने उतारवयात एका स्नेह्याला पत्रातून कळवलं.

नुसती अर्पणपत्रिका देऊन हे ऋण फिटत नाही. त्या पुस्तकावर संशोधनातली सहकारी म्हणून हार्पर ली हे नाव छापायलाच हवं होतं.