उशिराचा पेरा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निफाड तालुक्यातल्या कुठल्याही गावरस्त्याने जा, एकाच शिवारात दोन वेगळे हंगाम दिसतात. बांधाच्या अलीकडे गहू वीतभर वाढलेला, फुटव्यांनी दाटलेला, सकाळच्या दहिवराने चिंब. पलीकडच्या वावरातून ऊस नुकताच तुटून गेलेला. पाचट कडेला सारलेलं, काळी जमीन उघडी पडलेली, आणि तिच्यावरून पेरणी यंत्र फिरत असतं. थंडी अशी की द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. वर्ष संपायला आलेलं असतं आणि इथे कुणीतरी आत्ता पेरत असतं.

माझे मामा त्या पेरणाऱ्यांतले. मी त्यांना एकदा विचारलं होतं, "मामा, एवढ्या उशिरा?" हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "अगं, वावर मोकळं कुठं होतं? ऊस उभा होता ना." आवाजात खंत नव्हती, सारवासारवही नव्हती. जमिनीची हकीकत सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

मला ते उत्तर फार मोठं वाटतं. डिसेंबर लागला की कितीतरी जण स्वतःलाच जाब विचारायला बसतात. जानेवारीत ठरवलेलं गाणं शिकायचं राहिलं, विभागीय परीक्षेचा अभ्यास राहिला, पोहणं राहिलं, आजोबांच्या आठवणी लिहून घ्यायच्या राहिल्या. आणि या सगळ्याला आपण आळस हे एकच नाव देऊन टाकतो. हा स्वतःवरचा अन्याय आहे. निव्वळ आळशी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. बहुतेकांचं वावरच मोकळं नसतं.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. १९७३ पासून ते किती मराठी भिंतींवर असेल! वर्षअखेरीला मी त्याची मागची पानं उलटून वाचते. चौकोनाचौकोनांत पेनाने लिहिलेलं असतं: दूध जादा, सिलिंडर लावला, आईची सोनोग्राफी, धाकटीची सहामाही, निवडणुकीचं प्रशिक्षण, आईचे टाके काढले. या वर्षी मी मोडी लिपी शिकायचं ठरवलं होतं; 'मोडी' हा शब्द एकाही चौकोनात नाही. पण जे आहे ते वाया गेलेलं नाही. आई आता जिना उतरून एकटी देवळात जाते. या वर्षी माझ्या वावरात हे पीक उभं होतं, आणि ते पदरात पडलं आहे. वर्षाचा हिशेब मांडायचा तर त्याचंही वजन धरायला हवं. ते सोडून नुसती राहिलेल्या कामांची यादी करायची, तर तो हिशेबच खोटा.

मात्र ऊस तुटल्यावर मामा वावर पडीक ठेवत नाहीत, आणि नोव्हेंबरात पेरणाऱ्याची नक्कलही करत नाहीत. बागायती गव्हाची खरी वेळ नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. उशिराची पेरणी १५ डिसेंबरपर्यंत चालते, त्यापुढे गव्हाचा नाद सोडलेला बरा. उशिराच्या गव्हाला थंडीचे दिवस कमी मिळतात, म्हणून त्याला फुटवे कमी येतात, आणि दाणा भरायच्या वेळी त्याला ऊन गाठतं. मग शेतकरी वाणच वेगळा निवडतो. निफाडच्याच कृषी संशोधन केंद्रातला एनआयएडब्ल्यू ३४ हा वाण खास उशिराच्या पेरणीचा. वेळेवरच्या पेरणीला हेक्टरी १०० किलो बियाणं पुरतं, उशिरा १२५ किलो टाकतात. ओळी जवळ आणतात, १८ सेंटिमीटरवर. एकेका रोपाला फुटवे कमी येणार हे गृहीत धरून रोपंच जास्त ठेवायची, असा तो विचार. उतारा नोव्हेंबरच्या गव्हाइतका पडणार नाही, हेही पेरतानाच मान्य केलेलं असतं. तरी कणगी भरते.

वर्षाचे शेवटचे आठवडे हातात असताना मला हेच करावंसं वाटतं. वर्षभराचं काम तीन आठवड्यांत कोंबायचं नाही. या थंडीत जे उगवेल ते निवडायचं, आणि ते दाट पेरायचं.

माझं राहिलेलं काम मोडीचं. आमच्या घरी रुमालात बांधलेले काही जुने कागद आहेत. वडिलांना ते वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवत, पुढे ती अभ्यासातून गेली आणि एका पिढीत घरचेच कागद घरच्यांना परके झाले. या कामाला माझ्या नोकरीचाही एक पदर आहे. मी जिथे काम करते तिथल्या अभिलेख कक्षात मोडीतली दप्तरं आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसाची किंमत काय असते ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आपल्या कचेरीतलं दप्तर आपल्याला वाचता यावं, ही इच्छा मला बढतीहून मोठी वाटते. त्यातून बढती मिळाली तर आनंदच आहे.

मोडीची अक्षरओळख पंधरा दिवसांत होऊ शकते. लिहिणारा आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढतो आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरामागून अक्षर काढत जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला ते वाचणाऱ्याने ताडायचं. तक्त्यातला छापील 'क' आणि घाईने खलिता लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाचा 'क' यांची ओळख पटायला वेळ जातो. प्रत्येक हाताचं वळण निराळं. त्यात संक्षेप: 'छ' दिसला की पुढे चांद्रमासाची तारीख, 'मु॥' म्हणजे मुक्काम. पत्राचा शेवट मात्र पटकन सापडतो, कारण तिथे 'बहुत काय लिहिणे' हे शब्द इतक्या वेळा येतात की डोळा ते अक्षर न लावताही ओळखतो. त्या शब्दांपाशी पोचलं की शेकडो वर्षांपूर्वीचा एक माणूस लेखणी खाली ठेवताना दिसल्यासारखं होतं. या एका क्षणासाठी मला मोडी शिकायची आहे.

पण याला निदान एक अख्खं वर्ष लागतं, आणि ते या डिसेंबरात मावत नाही. 'मोडी शिकायची' हे नोव्हेंबरचं बियाणं झालं. म्हणून वाण बदलला. रुमालातला एकच कागद घ्यायचा, त्याचा मायना आणि तारीख लावायची. रोज एक ओळ. सकाळी ती वाचायची, रात्री तीच बोरूने गिरवायची, म्हणजे एकच ओळ दिवसातून दोनदा हाताखालून जाते. काम लहान आहे, पण दाट आहे.

वेळ कुठून आणायचा, याचं एक उत्तर नोकरदारांकडे असतं. नैमित्तिक रजा ३१ डिसेंबरला संपते, पुढच्या वर्षात जात नाही. त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात कचेऱ्यांतून खुर्च्या रिकाम्या दिसतात. उरलेल्या सीएल कुणी लग्नात घालवतं, कुणी कोकणात, कुणी घराच्या रंगकामात. सगळं रास्तच आहे. पण त्यातली एक रजा राहून गेलेल्या कामाला द्यावी, असं मी भेटेल त्याला आग्रहाने सांगते. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी अकरा वाजता घर फार निराळं असतं. मुलं शाळेत, फोन शांत, ओसरीवर कोवळं ऊन, आणि आपल्याकडे कुणाचं काही मागणं नाही. रविवारी हे मिळत नाही. रविवार सगळ्या घराचा असतो.

ज्यांना अशी रजा नाही त्यांचं काय? आमच्या शेजारच्या ताई अंगणवाडीत मदतनीस आहेत. बारावी झाली तर पुढे सेविका होता येईल, म्हणून त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चची. पावसाळ्यात पुस्तकं आणली, मग सणवार, दिराचं लग्न, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षण. डिसेंबर उजाडला तेव्हा राज्यशास्त्राचं पुस्तक तसंच कोरं होतं. नळाला पाणी येण्याआधीचा पहाटेचा तास तेवढा त्यांचा. मी विचारलं, "ताई, होईल का सगळं?" तर म्हणाल्या, "वहिनी, सगळं पुस्तक होणार नाही. जेवढं होईल तेवढं पक्कं करते. पास व्हायला पस्तीस लागतात."

ताईंनी अभ्यासाची वाटणी कशी केली ते ऐकण्यासारखं आहे. त्यांचे सासरे दरवर्षी दत्तजयंतीला गुरुचरित्राचं सप्ताह पारायण करतात. एरवी ते वर्तमानपत्राच्या मथळ्यांपलीकडे वाचत नाहीत, पण या सात दिवसांत ५३ अध्याय पुरे होतात, कारण कुठल्या दिवशी कुठे थांबायचं ते पोथीनेच ठरवून दिलेलं आहे. ही वाटणी समान नसते. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, आणि पाचव्या दिवशी तीनच, ३६ ते ३८. छत्तिसावा अध्याय भला मोठा, म्हणून त्या दिवशी अध्याय कमी. ताईंनी हे दरवर्षी पाहिलेलं. इतिहासातली सोपी प्रकरणं त्यांनी एकेका पहाटेला दोन-दोन घेतली आणि इंग्रजीच्या एका पत्रलेखनाला सलग तीन पहाटा दिल्या. पानं भागिले दिवस, असं वेळापत्रक करणाऱ्या सगळ्यांनी हे शिकावं. अवघड भागाला जास्त जागा देणारी वाटणी निभते, सरसकट केलेली चौथ्या दिवशी मोडते.

आणि उशीर म्हणजे नेमका किती, हेही नीट पाहायला हवं. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या संपादनाला जोडण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासावर प्रस्तावना लिहायला घेतली आणि ती वाढतच गेली. 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चा पहिला खंड १९३० साली निघाला, तेव्हा ते ५० वर्षांचे होते. दुसरा खंड १९४१ साली, तिसरा १९४६, चौथा १९५३, आणि पाचव्या खंडाचा शेवटचा भाग १९६२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. ग्रंथालयात हे खंड एका रांगेत उभे असतात, सहा हजारांवर पानं. पहिल्या आणि दुसऱ्या खंडांत अकरा वर्षांचं अंतर आहे, ते रांगेत दिसत नाही. त्या अकरा वर्षांतला प्रत्येक डिसेंबर दुसरा खंड हाती नसताना संपला असणार. प्रत्येक वेळी त्यांनी काय केलं असेल, याची मी कल्पना करते, आणि मला दिसतं ते इतकंच: समोरची नोंद त्यांनी पुरी केली असेल.

गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी पाणी द्यावं लागतं. मुकुटमुळं फुटायची ती वेळ, ती चुकवून चालत नाही. १२ डिसेंबरला पेरलेल्या गव्हाची ही वेळ नव्या वर्षाच्या तोंडावर येते. म्हणून १ जानेवारीच्या संकल्पांपेक्षा मला डिसेंबरातली सुरुवात जवळची वाटते. एक तारखेला ज्याच्या हाती काहीच नसतं त्याला संकल्प करावा लागतो. ज्याने पेरून ठेवलं आहे त्याला त्या दिवशी फक्त पाणी द्यायचं असतं, आणि पाणी देणं हे संकल्पापेक्षा कितीतरी सोपं काम आहे.

उद्याची रजा मंजूर झाली आहे. रुमालातला सगळ्यात वरचा कागद मी वेगळा काढला आहे. मायना लागला, गावाचं नाव लागलं, 'छ'च्या पुढचा आकडाही लागला. महिना अजून लागत नाही. तो रबिलावल आहे की रबिलाखर, हे शब्दाच्या शेवटच्या दोन अक्षरांवर ठरेल, आणि तिथे शाई थोडी पसरली आहे. धाकटीच्या कंपासपेटीतलं भिंग मी मागून ठेवलं आहे. अकरा वाजता ऊन ओसरीवर येईल तेव्हा कागद तिथे नेऊन बघणार आहे.